हरिसिंग नाईकांची शुगर

हरिसिंग नाईकांच्या पायाची पट्टी मी एक दिवसाआड बदलतो. उमरखेडकडच्या त्यांच्या तांड्यावर मी आरोग्यसेवक आहे, आणि नाईकांना शुगर आहे हे घरच्यांशिवाय फक्त मलाच माहीत आहे. असली गुपितं सांभाळायचा मला पगार मिळत नाही, हे मी त्यांना कितीदा तरी सुनावलंय.

बारा वर्षांची शुगर. पायाला चटका कळत नाही, काटा कळत नाही. पण तांड्यावर सोयरीक ठरली की गूळ वाटतात, आणि पहिला खडा नाईकांनी, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाने, खाल्ल्याशिवाय ती पक्की होत नाही. नको म्हटलं तर लोक कारण विचारणार. कारण सांगितलं तर शुगरवाल्या घरातली पोर म्हणून नात राखीला कोणी करून घेणार नाही, ही त्यांची धास्ती.

राखीच्या सोयरिकीला मी होतो. नाईकांचे नवे बूट अंगठ्याला चावत होते आणि त्यांना पत्ताच नव्हता. व्याह्यांनी ताट पुढे केलं. नाईकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चांगला मोठा खडा तोंडात टाकला. मी मनातल्या मनात शिव्या घातल्या.

बुटाची ती जखम चिघळली, अंगठा कापावा लागला. लग्नात पाहुण्यांना सांगितलं, ट्रॅक्टरखाली गेला. एकाने तर ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा, तेही विचारलं. जखम अजून भरलेली नाही.

परवा पट्टी सोडत होतो तेव्हा राखीचा फोन आला. तिला तिसरा महिना आहे. नाईक कायम स्पीकरवर बोलतात.

"आबाजी, दवाखान्यात आली आहो. डॉक्टरीण बाई विचारून राह्यली, माहेरी कोणाले शुगर आहे का. असली तर तपासणी आजच करू म्हणते. सासूबाई आत बसल्या आहेत, मी पाण्याच्या नावानं बाहेर आली. काय सांगू?"

"नाईक, खरं सांगा," मी हळूच म्हणालो. "लेकराचा सवाल आहे."

"अन् मंग? तिले इथं आणून सोडतीन ते." त्यांचे डोळे भरून आले होते. मग फोन तोंडाजवळ नेऊन ते म्हणाले, "कोणालेच नाही म्हन, बेटा."

राखी लगेच "बरं" म्हणाली. तिच्या आवाजावरून कळलं, तिलाही हेच उत्तर हवं होतं. मला फार भीती वाटली.