फिंटनचं ‘आम्ही’

माझा थोरला भाऊ फिंटन टूही एका फुटबॉल क्लबचा भक्त आहे. क्लब इंग्लंडातला. नाव मी घेणार नाही. त्या लोकांची जाहिरात फिंटन गेली पन्नास वर्षं फुकट करतोय, त्यात माझी भर कशाला?

फिंटन एकसष्ट वर्षांचा. बॅलीगॅरनमध्ये चौतीस वर्षं पोस्टमन. लग्न केलं नाही. आईबापांच्याच घरात राहतो, आणि त्या घराच्या परसातल्या भिंतीला लागून रोव्हर्सचं, म्हणजे आमच्या गावच्या संघाचं मैदान आहे. शुक्रवारी संध्याकाळी सामना असला की मैदानातल्या दिव्यांचा उजेड थेट त्याच्या बैठकीत येतो. मग हा काय करतो? पडदे ओढून घेतो. टीव्ही नीट दिसत नाही म्हणून! एकदा चेंडू भिंतीवरून उडून त्याच्या कोबीत पडला. पलीकडे अख्खा सामना थांबला, पोरं भिंतीवरून हाका मारतायत, आणि हा टीव्हीवरची कॉर्नर किक बघून झाल्यावर सावकाश उठला.

मी त्या मैदानावरच्या चहाच्या खिडकीत सव्वीस वर्षं उभी आहे. तेव्हा या बाबतीत माझ्याकडून न्यायाची अपेक्षा कोणी करू नये.

मला सगळ्यांत जास्त चीड येते ती त्याच्या ‘आम्ही’ची. “आम्हाला एक चांगला डावा बॅक हवाय, अट्रॅक्टा.” “आम्ही काल पहिल्या अर्ध्यात झोपलो होतो.” अरे, तू कोण? त्या क्लबला फिंटन टूही नावाचा प्राणी पृथ्वीवर आहे याचा पत्ता नाही. आणि टपाल कचेरीत ह्याच्या शेजारच्या टेबलावर पत्रं लावणारा कॉन्लेथ मँगन हा रोव्हर्सचा सेंटर-हाफ, म्हणजे बचावफळीचा मधला खांब. सहा फूट तीन इंच, नाक दोनदा मोडलेलं. शुक्रवारी खेळायचा आणि शनिवारी पहाटे लंगडत कामावर यायचा. त्याला फिंटन काय म्हणायचा? “काय रे, काल तुम्ही हरलात म्हणे?” चारशे किलोमीटरवर, समुद्रापलीकडे, ते ‘आम्ही’. हाताच्या अंतरावर, ते ‘तुम्ही’.

सेंट पॅट्रिकच्या दिवशी, आमच्या देशाच्या सणाला, पबमध्ये इंग्रजांना समुद्रात लोटायची गाणी सगळ्यांत मोठ्या गळ्याने हाच म्हणतो. अंगात शर्ट कुठला असतो ते सांगायला नकोच.

“असं का रे?” मी कितीदा विचारलं असेल. दर वेळी उत्तर वेगळं. एकदा म्हणाला, “आपला मॅलकी मामा अकरा वर्षं त्या शहरात विटा वाहत होता. रक्ताचं नातं आहे.” मामाने त्या अकरा वर्षांत एक सामना पाहिला नाही. शनिवारी तो कामावर असायचा आणि रविवारी झोपायचा. मग म्हणाला, “दर्जा गं, दर्जा! तुमचा गोलकीपर दंतवैद्याकडे कामाला आहे.” असेना का! निदान दात दुखला तर तो उपयोगी पडतो.

चार वर्षांपूर्वी आमचे रोव्हर्स देशाच्या कपच्या अंतिम सामन्यात पोचले. सत्तेचाळीस वर्षांनी. डब्लिनला, नोव्हेंबरातल्या रविवारी. गावातून चौदा बसगाड्या निघाल्या. ज्यांना मी कधी मैदानाच्या फाटकातही पाहिलं नव्हतं, ते गळ्यात नवे कोरे मफलर घालून, गालावर निळे पट्टे रंगवून बसमध्ये चढले. मी फिंटनसाठी तिकीट राखून ठेवलं होतं.

“जमणार नाही,” तो म्हणाला. “त्याच दिवशी आमचा सामना आहे. बोटीचं आरक्षण झालंय.”

“फिंटन, तुझ्या शेजारी बसणारा माणूस कपची फायनल खेळतोय.”

“त्याला माझ्या शुभेच्छा सांग.”

“तू स्वतः सांग ना, रोज सकाळी थोबाड बघतोस त्याचं!”

तो गेला बोटीने. आम्ही गेलो डब्लिनला. आणि एकाहत्तराव्या मिनिटाला कॉन्लेथ मँगनने त्या मोडक्या नाकाच्या वर, कपाळाने, चेंडू जाळ्यात घातला. एक-शून्य. मी शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडले, आणि मी रडणाऱ्यांतली नाही.

परतीच्या बसमध्ये खाटीक लोर्कन हेव्हीच्या फोनवर त्याच्या बायकोने व्हिडिओचा एक तुकडा पाठवला. इंग्लंडातल्या सामन्याचं प्रक्षेपण. फिंटनचा क्लब चार गोलांनी हरला होता आणि कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरता फिरता एका म्हाताऱ्यावर थांबला होता. मफलर तोंडात कोंबून ढसाढसा रडणारा आमचा फिंटन. तो तुकडा बसभर फिरला. दुसऱ्या बसमध्ये गेला. गावात पोचेपर्यंत चौदाच्या चौदा बसगाड्यांनी फिंटनचे अश्रू पाहिले होते.

फिंटनला यातलं काही ठाऊक नव्हतं. रात्रीच्या बोटीने परतून सोमवारी पहाटे सहाला तो कचेरीत हजर. कॉन्लेथ अर्थातच गैरहजर. तो कुठल्या तरी सोफ्यावर कप उशाला घेऊन झोपला होता. साहेबांनी कॉन्लेथचा फेरा फिंटनच्या गळ्यात मारला. म्हणजे त्या दिवशी अर्ध्या गावाच्या दारात ह्याला जायचं होतं.

पहिलंच दार मिसेस गिलहूलींचं. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, डोळ्यांनी अधू. त्यांच्याकडे फोनबिन नाही, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. त्यांनी ह्याचा हात धरला. “फिंटन बाळा, तू होतास ना तिथे? सांग मला कसा झाला गोल.”

आणि हा म्हणाला, “होतो की.”

मला वाटतं त्या म्हातारीला नाही म्हणवलं नसेल त्याला. इतपत मी त्याच्या बाजूने बोलेन. पण पुढच्या दारातही तेच बोलायला कोणी सांगितलं होतं? पुढचं दार लोर्कनच्या दुकानाचं.

“फिंटन! दिसला नाहीस तू काल?”

“मी वरच्या स्टँडमध्ये होतो.”

लोर्कनने सुरी खाली ठेवली. चेहरा अगदी गंभीर. “मग तो कुत्रा तुला वरून छान दिसला असेल.”

“कुत्रा?”

“अरे, हाफटाइमच्या आधी मैदानात घुसला तो! तांबडा. रेफरीचं कार्ड घेऊन पळाला.”

“हां, तो कुत्रा,” फिंटन म्हणाला. “हसून हसून मेलो आम्ही.”

लोर्कनने पुढच्या दुकानात फोन केला, त्या दुकानाने त्याच्या पुढच्या. औषधवाल्या बाईने सांगितलं की चेंडू आधी डाव्या खांबाला लागला. शाळेच्या मास्तरांनी सांगितलं की कॉन्लेथचा एक बूट निघाला होता आणि त्याने मोज्यावर उडी मारली. दुपारी बारापर्यंत फिंटनच्या पिशवीतलं टपाल संपलं आणि डोक्यात एक अख्खा सामना भरला होता, जो जगात कुठेच खेळला गेला नव्हता. गाव खिडक्यांआड पोट धरून हसत होतं. मला एक वाजता कळलं. मी त्याला गाठून थांबवू शकले असते. थांबवलं नाही. म्हटलं, होऊ दे.

साडेपाचला चर्चच्या सभागृहात सत्कार होता. कप टेबलावर, भोवती सँडविचेस. फिंटन आला, माझा ठेवणीतला रोव्हर्सचा निळा मफलर न विचारता गळ्यात घालून. लोर्कन ओरडला, “फिंटन, सांग ना कॉन्लेथला, वरून कसं दिसलं ते!” आणि फिंटनने सांगितलं. कुत्रा, खांब, मोजा, सगळं. हातवारे करून. फार छान सांगितलं, हे मान्य करायला हवं. शेवटी म्हणाला, “आणि तू उडालास तेव्हा मी शेजारच्याला म्हटलं, हा आमचा माणूस!”

सभागृह फुटलं हसून. कोणीतरी फोनवरचा तो तुकडा त्याच्यासमोर धरला.

एकटा कॉन्लेथ हसला नाही. “कुत्रा नव्हता, फिंटन,” तो हळूच म्हणाला, आणि त्याच्या हातात चहाचा कप दिला. फिंटनने तो कप खाली ठेवला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मी त्याला सोडणार नव्हतेच.

“सुखी झालास? अख्ख्या जन्मात पहिल्यांदा रोव्हर्सला ‘आमचे’ म्हणालास, तेही खोटं.”

त्याने टेबलावरचे ब्रेडचे कण गोळा केले. मग म्हणाला, “तिकडे मला कोणी ओळखत नाही गं. चाळीस हजार माणसं. मी रडलो काय, ओरडलो काय, सोमवारी त्यांच्या दारात मला पत्र टाकायचं नसतं. इथे मी तोंड उघडलं की टूहीचा पोरगा. मी खेळायचो तेव्हा किती वाईट खेळायचो हे आजही दुकानात सांगतात.”

“तू वाईटच खेळायचास.”

“बघ!” तो म्हणाला. “हेच.”

मला दया आली असं म्हणणार नाही. हा माणूस आपल्या गावाला घाबरतो, म्हणून पैसे भरून परक्या गावाची भक्ती करतो, आणि वर दर्जाच्या गप्पा मारतो. मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. त्याने दोन अंडी खाल्ली आणि कामावर गेला.

पण गोष्ट इथे थांबली असती तर मी फिंटनचीच सांगून मोकळी झाले असते. मार्च उजाडला. नव्या मोसमातला तिसरा शुक्रवार, आडवा पाऊस. चौदा बसगाड्या भरून गेलेल्या त्या गावातून मैदानात आले दोनशे बारा. फाटकावर मीच मोजले. मफलर, निळे गाल, सगळे कुठे गेले? मी पाण्याचं भांडं चढवून कोपऱ्यावरच्या पबमध्ये डोकावले, तर लोर्कन, औषधवाली, मास्तर, सगळे पडद्यासमोर. कुठल्याशा इंग्लिश संघाचा सामना. प्रत्येकाच्या अंगात आपापला लाल नाहीतर पांढरा शर्ट.

“लोर्कन, अरे कप जिंकलेला संघ शंभर पावलांवर खेळतोय!”

“थंडी आहे गं, अट्रॅक्टा,” तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. “आणि आज आमचा महत्त्वाचा सामना आहे.”

मी पबचं दार ओढून घेतलं. परतले तेव्हा खेळ सुरू झाला होता. कॉन्लेथ चिखलात घसरत पलीकडच्या फॉरवर्डला आडवा जात होता आणि खिडकीपाशी चहासाठी तीनच माणसं उभी होती. मी तिघांनाही दोन-दोन कप दिले.