साक्षीदार नात्यातला नको

सिग्ने होल्टेच्या तोंडाला गावात कोणी लागत नसे, एक गुंडर मो सोडला तर. गुंडर तिचा शेजारी. शेजारी म्हणजे अमेरिकेतल्या डाकोटातला. मध्ये तीन मैल नुसतं गवत. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, सिग्नेचा नवरा त्याच्याही आधी गेलेला. दर ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात ल्यूटफिस्कची पंगत बसे. तो लिबलिबीत, थरथरणारा मासा गुंडर वितळलेलं लोणी ओतून ओतून हाणायचा आणि भरल्या तोंडाने विचारायचा, "सिग्ने, करतेस का लग्न माझ्याशी?"

"आधी मासा संपव," ती म्हणायची. स्वतःच्या ताटातला मासा मात्र ती बटाट्याखाली गाडायची. जन्मात एक घास तिच्या घशाखाली उतरला नव्हता, आणि हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

त्या एप्रिलात अवेळी हिमवादळ आलं. सिग्नेची निम्मी वासरं कुंपणाला बिलगून बर्फात गाडली गेली. गुंडरच ट्रॅक्टर घेऊन आला, त्यानेच बर्फ उपसला. ती गोठ्यामागे जाऊन रडली तेव्हा हा बाबा मुद्दाम इंजिन घुरघुरवत बसला, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आता सरकारी मदत मिळाली तरच कळप टिकणार होता. आणि मदतीला साक्षीदार हवा, मेलेली जनावरं डोळ्यांनी पाहिलेला आणि नात्यातला नसलेला.

काउंटीच्या कचेरीत टेबलामागे कायला बसली होती. लहानपणी रविवारच्या शाळेत हिचे कान सिग्नेनेच उपटले होते.

"गुंडरकाका, तुम्ही मावशींचे कोणी लागता?"

"अजून तरी नाही," गुंडर लाजत म्हणाला.

कायलाने पेन खाली ठेवलं. "अजून म्हणजे? काका, लग्नबिग्न ठरत असेल तर तुमची साक्ष चालायची नाही हं."

"काही ठरत नाहीये!" सिग्ने कडाडली. "हा माणूस माझा कोणी नाही. कधी होणारही नाही. लिही!"

कायलाने लिहिलं. गुंडरने सही केली, टोपी घातली आणि गेला. दाराशी ठेवलेल्या बशीतली पेपरमिंटची गोळीसुद्धा त्याने उचलली नाही. गुंडर मो फुकटची गोळी सोडतो म्हणजे काय!

मदत आली, नवी वासरं आली. गुंडर काही आला नाही. उन्हाळाभर सिग्ने खिडकीतून त्याच्या ट्रॅक्टरची धूळ बघत राहिली आणि स्वतःच्या जिभेला शिव्या घालत राहिली.

ऑक्टोबरात पंगत बसली. गुंडर समोरच बसला, मान खाली घालून. मासा खाल्ला. पुन्हा वाढून घेतला, तोही खाल्ला. तोंड पुसलं. विचारलं काहीच नाही.

"संपला ना मासा? मग विचार की!" सिग्ने म्हणाली.

"काय विचारू? सरकारदरबारी नोंद आहे, मी तुझा कोणी नाही."

"तेव्हा नव्हतास! आता आहेस, मेल्या!" ती एवढ्याने ओरडली की लोणी वाढणारी कायला जागच्या जागी थांबली. "काय गं कायला, सरकारची काही हरकत?"

"साक्ष दिली तेव्हा खरी होती ना मावशी? मग आता सरकारचं काय जातंय!"

"ऐकलंस? मग मीच विचारते. करतोस का लग्न?"

गुंडरने तिच्या ताटाकडे पाहिलं. काट्याने बटाटा हळूच बाजूला सारला. खाली तो थरथरत होताच.

"आधी मासा संपव," तो म्हणाला.

सिग्नेने कायलाच्या हातातलं लोण्याचं भांडं ओढून घेतलं, सगळं ताटात उपडं केलं, नाक दाबलं आणि खायला बसली.