लेकीच्या घरचं पाणी

आमच्या ह्यांना डोंगर आवडतात हे मला लग्नानंतर किती वर्षांनी कळलं, आणि तेही नको त्या वेळी. कळणार तरी कसं? कल्याणच्या आमच्या घरात सासूसासरे, दीर, जावा, त्यांची पोरं. दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. वाढताना "भात?" आणि "पुरे" एवढंच आमचं संभाषण.

हे बंदरावर मिठाच्या नाक्यावर कारकून होते. घाटावर मीठ घेऊन जाणारे बैलवाले तिथे यायचे. त्यातल्याच एकानं एक दिवस निरोप आणला. आमची एकुलती एक लेक घाटापलीकडे, जुन्नरच्या अलीकडच्या गावात दिली होती. ती दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली, मूल गेलं, आणि ताप काही उतरत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "पुरुषानं जाऊन बघून यावं." मी म्हटलं, "पुरुषानं बघून काय करायचंय? मला पोरीला घेऊन यायचंय." उभ्या जन्मात मी त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं.  त्या पुढे काही म्हणायच्या आत मी लुगडी बांधली आणि ह्यांनी भाड्याची बैलांची दमणी दारात आणून उभी केली.

आश्विनातले दिवस होते. रायत्याला नदी ओलांडली, मुरबाड मागे पडलं, आणि समोर डोंगरांची भिंत उभी राहिली. पाऊस नुकताच गेलेला, त्यामुळे कड्यांवरून अजून पाण्याच्या धारा लोंबत होत्या. उतारावर पिवळी फुलं फुलली होती, हळदीच्या अंगासारखी. हे गाडीतून अर्धे बाहेर वाकून बघत होते.

"अगं, ते बघ. आणि तो सुळका! बघ तरी एकदा."

"तुम्ही बघा. मला माझी पोर बघायचीय."

गप्प बसतील तर शपथ! जरा वेळानं पुन्हा, "तो किल्ला बघ, ते झाड बघ." माझं डोकं फिरलं. पोर तिकडे तापानं फणफणतेय आणि ह्या माणसाला देखावे सुचतायत! चांगलं फाडफाड बोलले मी त्यांना. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघंच होतो, आणि मी भांडत होते. मग त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. दमणीचा दांडा त्यांनी असा घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. माणूस भ्याला होता. गप्प बसला असता तर रडला असता, म्हणून बडबडत होता. मग मीही म्हटलं, "हो, छान आहे हो डोंगर."

वैशाखऱ्याला गाडी सोडली आणि नाणेघाट पायी चढलो. माथ्यावर कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत, गार पाण्याची. ह्यांनी तिथे तांब्या भरून घेतला आणि त्याच्या तोंडाला फडकं बांधलं. आमच्याकडची रीतच तशी होती. नातवाचं तोंड बघेपर्यंत आईबापानं लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. नातू झाला की मग मानानं जायचं, जेवायचं, राहायचं. तोवर शिदोरी आपली, पाणी आपलं, आणि मुक्काम देवळात.

लेकीच्या घरी पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. विहीणबाई काही वाईट नव्हत्या. रात्री जागून त्यांचेही डोळे तांबारले होते. "सोयर फिटलं, पण ताप फिटेना," म्हणाल्या. मी म्हटलं, "मी तिला घेऊन जाते." त्या नाही म्हणाल्या नाहीत. सकाळी डोलीवाले बोलावू म्हणाल्या. तिथेच मला धसका बसला. इतक्या सहज कोण सून पाठवतं?

पोर भिंतीला टेकून बसली होती. ती माझी पोरच दिसेना. गालफडं बसली होती, डोळे तेवढे मोठे झाले होते. बापाच्या हातातला तांब्या बघून म्हणाली, "बाबा, टाक्यातलं ना? द्या ना मला." सासरी येताना तिथे पाणी प्यायली होती ती. तिनं तो तांब्या तोंडाला लावला आणि सगळा संपवला. मग लाजली. "आता तुम्ही काय पिणार?"

उशाशी तिची कळशी होती. तिनं वाकून फुलपात्र भरलं आणि बापापुढे धरलं. अर्धं पाणी पांघरुणावर सांडलं. ह्यांचे ओठ उन्हानं फुटले होते. तरी म्हणाले, "नको बाळ, तहान नाही."

तिचा हात तसाच राहिला. माझ्यानं बघवेना. आग लागो त्या रीतीला! मी ते फुलपात्र घेतलं आणि घटाघटा प्यायले.



"आई, तू प्यायलीस?" ती हळूच म्हणाली. "म्हणजे नातवाची वाट बघायची नाही आता."

"काहीतरीच बोलतेस. मेली तहान लागली होती मला," मी म्हटलं, आणि तोंड फिरवलं. मला रडू फुटलं होतं आणि ते तिला दिसायला नको होतं.

सकाळी डोलीवाले आले, त्यांना दारातूनच परत पाठवावं लागलं.

तिचे दिवस झाल्यावर आम्ही त्याच वाटेनं निघालो. फुलं होती तशीच होती. ह्यांनी एकदाही मान वर केली नाही. माथ्यावर टाक्यापाशी तांब्या भरून माझ्यापुढे धरला, तेव्हा मी तो ढकलला. म्हटलं, "माझ्या तोंडात पाणी घालू नका. मी तिच्या घरचं पाणी प्यायले म्हणून तिनं धीर सोडला."

हे खाली बसले.  मग म्हणाले, "तू तोंड फिरवलंस ना, तेव्हा तिनं दुसऱ्यांदा फुलपात्र भरलं. माझ्यापुढे धरलं. नुसती माझ्याकडे बघत होती. मी पुन्हा नको म्हणून मान हलवली."

"का हो?"

"प्यायलो असतो तर माझीही आशा सुटली असं तिला वाटलं असतं. मी वाकून तिच्या कानात म्हटलं, बारशाला येईन तेव्हा पिईन, आता नाही. तर हसली गं ती."

"हसली?"

"हसली. मग ते पाणी तिनंच प्यायलं." त्यांनी तांब्यातल्या पाण्याकडे बघितलं. "पण घसा इतका सुकला होता माझा. तिच्या हातचा एक घोट प्यायलो असतो तर? एकच घोट."

मी त्यांच्या हातातून तांब्या घेतला, त्यांना पाणी पाजलं आणि मग मी प्यायले. मिठाचे बैल घाट चढून येत होते, घंटा वाजत होत्या, बैलवाले वळून वळून बघत होते. त्यांच्या देखत, भर दिवसा, ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मी मोठमोठ्यानं रडले, आणि हेही रडले.