शेवट आधी, भेट नंतर

आमच्या चपलांच्या गावात, मारिकिनात, ऑरिंगला ओळखत नाही असा चप्पलवाला सापडायचा नाही. ती कारखान्यात चपलांचे पट्टे शिवते, केस बारीक कापते. गल्ली तिला टॉमबॉय म्हणते, म्हणजे बाईवर जीव लावणारी बाई, आणि ती हसून मान डोलावते. इतकी सरळ बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि म्हणूनच मला तिचा राग येतो.

आमच्या गल्लीतल्या वेनाने बायकाबायकांच्या प्रेमाचा विनोदी सिनेमा काढायचं मनावर घेतलं. पैशाच्या नावाने बोंब. कॅमेरा मागून आणलेला, नट म्हणजे आम्हीच, आणि माईक बांबूला बांधून धरायला मी, कारण माझी खानावळ रविवारी बंद असते. नायिका ऑरिंग आणि तिची लोर्ना. त्या खरोखरच एका घरात संसार करत होत्या. वेनाची अट एकच होती: आपल्या सिनेमात कोणी मरणार नाही, कोणी नवरा करून जाणार नाही. रडायला बाकीचे सिनेमे आहेत म्हणाली.

शेवटचा प्रसंग लग्नाच्या जेवणाचा. तो आम्ही सगळ्यात आधी उरकला, कारण गावच्या फिएस्टाला, म्हणजे जत्रेला, पताका, बँड, दारोदार भाजलेलं डुक्कर, सगळं फुकट मिळतं. त्या दिवशी लोर्नाने ऑरिंगला भरवलेला घास खराच होता, मी शपथेवर सांगते.

मग रविवार-रविवार करत बाकीचं घेत गेलो, आणि मधेच लोर्ना बहिणीकडे राहायला गेली. भांडण नाही, दुसरी कोणी नाही. मन उडालं म्हणे. तेव्हा राहिला होता फक्त पहिल्या भेटीचा प्रसंग.

वेना म्हणाली, तो गाळून टाकू. ऑरिंग ऐकेना. खऱ्या आयुष्यातही लोर्ना चपलेचं माप द्यायलाच आली होती, आणि पायाला गुदगुल्या होऊन हसली होती. पुन्हा तसंच झालं तर तिला सगळं आठवेल, ती घरी येईल, असं या वेडीने मनात धरलं.

"ऑरिंग, सिनेमा आहे गं तो," मी म्हटलं.

"असू दे नेनिताताई. हसली तर खरंच हसेल ती."

लोर्ना वेळेवर आली. ऑरिंगने गुडघ्यावर बसून तिचं पाऊल हातात घेतलं, टेप लावली, आणि लोर्ना हसली. काय सांगू, ऑरिंगचा चेहरा असा उजळला! प्रसंग संपल्या-संपल्या ती पुटपुटली, "घरी चल ना." माझ्या कानाला हेडफोन, म्हणून मला ते ऐकू आलं. लोर्नाने खाली पाहिलं.

तेवढ्यात वेना ओरडली की रस्त्यावरून फटफटीची ट्रायसिकल रिक्षा गेली, आवाज वाया गेला, परत घ्या.

परत घेतलं. पाऊल, टेप, आणि लोर्ना हसली. तेच हसणं. त्याच जागी सुरू झालं, तितकंच लांबलं, शेवटी श्वास अडकला तोसुद्धा तसाच. माझ्या कानातच होतं ते, चुकायला जागा नव्हती.

ऑरिंगलाही कळलं. तिचा हात टेपवर थांबला. पुढचं वाक्य तिचं होतं, ते येईना. मला वाटलं, हा बांबू फेकावा आणि लोर्नाच्या दोन थोबाडीत ठेवून द्याव्यात. पण तिचं तरी काय चुकलं? मन लावून सिनेमातलं काम करत होती मेली.

"बोल," वेना हळूच म्हणाली.

ऑरिंगने मान वर केली. "तुमचं नाव काय?" तिने विचारलं.

लोर्नाने सांगितलं.