दत्ताकाकांनी निवडलेलं मशीन

कुणाच्याही घरात शिरले की दत्ताकाका आधी खाली बघायचे. नवी लादी दिसली तर बोटाने टिचकी मारायचे आणि आवाजावरून पोकळ जागा सांगायचे. चहाच्या पातळीकडे बघून टेबल कुठे कललंय ते सांगायचे. कामाला बसताना गुडघ्यांना जुन्या रबरी चपलांचे तुकडे बांधायचे. काम झालं की त्या घरातून अनवाणी एक फेरी मारून मगच निघायचे.

दत्ताराम परब, भांडुपचे लादी बसवणारे. वय एकसष्ट. मी सव्वीसचा, मराठीचा एम.ए. तरी आम्ही मित्र होतो.

पक्षाघातानंतर माझी आई, मालन, उजवा पाय ओढत चालते. बाथरूमचा उंच उंबरा तिला ओलांडता येत नव्हता. चार महिने मी तिला धरून आत नेत होतो. ती मान खाली घालायची.

काकांनी ते एकदा पाहिलं. म्हणाले, "उतार करूया. पण लादीची कड तिरकी नि गुळगुळीत कापूक होयी. माझ्या हातकटराने टवके उडतत. मशीनच घेतंय. नायतरी घेवचाच होता."

आम्ही दोघे घाटकोपरच्या दुकानात गेलो. हर्षद नावाच्या विक्रेत्याने सगळ्यात मोठं मशीन पुढे केलं. "काका, फुल पॉवर. दगड, लादी, काहीही कापा."

काकांनी पिशवीतून कोटा दगडाचा नि लादीचा तुकडा काढला. "पॉवर ऱ्हवांदे. पाणी घाल नि काप."

"इथे? कार्पेटची वाट लागेल ना!"

"मग कार्पेट गुंडाळ."

मोठ्या मशीनने दगड झटक्यात कापला. लादीची कड मात्र खरबरीत आली. हर्षद तिच्यावर अंगठा फिरवून म्हणाला, "झकास आहे की!"

काकांनी चप्पल काढली. कापलेल्या कडेवरून अनवाणी पाऊल ओढलं. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "अरे, ह्याची आय काय हातांनी चालता?"

दुसरं मशीन लहान होतं, हळू चालणारं. पात्याला दाते नव्हते, काठ सलग होता. खालून पाणी लागत होतं. काकांनी पातं तिरकं करायला लावलं, पुन्हा पाऊल ओढलं. मग माझ्याकडे बघितलं. "आता तू. पुस्तकवाल्याचो पाय नाजूक."

मला काहीच टोचलं नाही. तेच मशीन घेतलं.

दोन दिवसांत बाथरूमचा उतार झाला. सिमेंटचा माल सुकल्यावर आई एकटी आत गेली. आतून कडी लावली. मी बाहेर उभा होतो. काका म्हणाले, "हयसून चल रे. तिका जावंदे निवांत."

आई रोज कडी लावते. त्याबद्दल मी काकांचे एकदाही धड आभार मानले नाहीत.

काका शुक्रवारी सकाळी गेले. झोपेतच.

मशीन आमच्या बाल्कनीत आहे. शेजारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यासाठी आणलेली लादी आहे. तिच्यावर त्यांनी पेन्सिलने तिरकी रेघ आखली आहे. कापायचं राहिलं.