कोंडाबाईची चरवी

मुकुंदवाडीच्या फलाटावर उतरल्यावर माझ्या लक्षात आले, की मी एक स्टेशन पुढे आले आहे. नाशिकरोडला पॅसेंजरमध्ये बसले तेव्हा शेजारच्या बाईंनी आपल्या सुनेची कहाणी सुरू केली होती. ती अशी रंगली, की छत्रपती संभाजीनगरचे मोठे स्टेशन कधी आले आणि कधी गेले ते दोघींनाही कळले नाही. मला जायचे होते पडेगावला, म्हणजे शहराच्या पार पश्चिमेला, आणि मी उतरले पूर्वेच्या टोकाला. पत्ता ऐकून रिक्षावाला मनापासून हसला.

"मौसी, आप तो पूरा शहर पीछे छोड के आ गये. बैठो, अब पूरा शहर दिखाता मैं."

त्याने शब्द पाळला. जालना रोडचे पूल, क्रांती चौकातली गर्दी, छावणीतली जुनी झाडे, सगळे दाखवत त्याने मला पडेगावात आणून सोडले. तिथे घरे विरळ होतात, मोकळी शिवारे दिसू लागतात आणि दूरवर देवगिरीचा डोंगर उभा असतो. रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडून बायका बसल्या होत्या. पुन्हा चुकायचे असेल तर याच शहरात चुकावे, असे मी मनात ठरवून टाकले.

मी कशासाठी निघाले होते ते आता सांगते. यान आणि इंग्रिड हे नॉर्वेचे मिशनरी जोडपे. लग्नानंतर भारतात आले तेव्हा मराठी शिकायला नाशिकात माझ्याकडे होते. पुढे ते पडेगावजवळच्या एका छोट्या दवाखान्यात कामाला लागले. ती परिचारिका, तो पाठीच्या आणि सांध्यांच्या दुखण्यांवर व्यायाम शिकवणारा. धर्मावरून आमचे कधी एकमत झाले नाही आणि कधी भांडणही झाले नाही. आता यानची आई थकली होती, तिच्याजवळ कोणी नव्हते, म्हणून ही मंडळी कायमची परत निघाली होती. बरोबर त्यांची मुलगी मारी. ती इथेच जन्मली, इथेच तेरा वर्षांची झाली. शेजारच्या बायकांनी तिचे नाव पहिल्याच दिवशी बदलले. मारी म्हणजे जीव घेणारी, जिवंत लेकराला असल्या नावाने कशी हाक मारायची, म्हणून सगळ्या तिला मीरा म्हणतात.

दारातच इंग्रिडने मिठी मारली. "या, बाई! लई वाट पाहिली!"

मी हिला 'फार' शिकवले होते. पण या मातीने माझी सगळी शिकवणी पुसून आपली शिकवणी घेतली होती, आणि खरे सांगायचे तर मला ते आवडले.

घर जवळजवळ रिकामे झाले होते. बोलले की आवाज घुमायचा. भरलेला होता तो फक्त एक कोपरा, आणि तो नारळांनी. वाळूजच्या कारखान्यांतले कामगार पाळी सुटली की मोटरसायकलींवरून यानला भेटायला येत होते. ज्यांच्या पाठी त्याने सरळ केल्या ते सगळे हार, शाल, नारळ घेऊन येत आणि वाकून नमस्कार करत. यान प्रत्येकाला उठवायचा आणि रागवायचा, "असं वाकायचं नाय! गुडघ्यात वाका, कमरेत नाय!" निरोप घेतानाही त्याचा व्यायामाचा तास चालूच होता.

इंग्रिडचा मात्र एकच ध्यास होता. कुणाचेही काही आपल्याकडे राहता कामा नये. इतकी वर्षे ज्यांच्या ज्यांच्या घरून पातेली, वाट्या, डबे आले होते ते सगळे तिने ओट्यावर मांडले होते. आपल्याकडे भांड्यांवर नावे घातलेली असतात, त्यामुळे चुकण्याचा प्रश्नच नव्हता. रिकामे भांडे परत करायचे नसते हेही ती पक्के शिकली होती. नारळ खवून, साखर घालून तिने ढीगभर वड्या केल्या, एकेक भांडे भरले, आणि काम उरकले म्हणून गॅसची शेगडी आणि टाकीही दवाखान्यातल्या आयाला देऊन टाकली. तिच्या मते सगळे नीट झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर फिरले. शेजारच्या शबानाभाभींना त्यांचा वाडगा दिला, तर त्यांनी आत जाऊन त्याच्यापेक्षा मोठा डबा आणला. त्यात नानखलिया (मटणाचा पातळ रस्सा आणि पिवळी नान) होता.

"भाभी, आम्ही परवा जाणार. हा डबा कधी परत करू?" इंग्रिड काकुळतीला आली.

"तो क्या हुआ जी? खाली हाथ कैसे भेजूं?"

एक द्यावे तर दुसरे हातात, असे तीन घरी झाले. मला हसू आवरेना. इंग्रिडला मात्र घाम फुटला. परत केल्याशिवाय तिला चैन नव्हते.

शेवटचे घर कोंडाबाईचे. कोंडाबाई म्हणजे मेंढरे-शेळ्या राखणाऱ्या घरातली, साठीची, काटक बाई. मारी जन्मली तेव्हा इंग्रिड तापाने अंथरुणाला खिळली होती. त्या दिवसांत कोंडाबाई रोज पितळी चरवीत शेळीचे दूध घेऊन यायची आणि इंग्रिडला बसून पाजायची. नंतर चरवी तिथेच राहिली. कधी दूध घेऊन कोंडाबाईकडून यायची, कधी इंग्रिडकडून काहीतरी भरून जायची. आता इंग्रिडने ती चिंचेने घासून सोन्यासारखी लखलखीत केली होती आणि काठोकाठ साखर भरली होती.

कोंडाबाईने चरवी हातात घेतली. आत पाहिले. मग तिचा चेहरा उतरला.

"बरं," एवढेच म्हणून ती आत गेली आणि दार लोटून घेतले. पाणी विचारले नाही, बस म्हटले नाही, हातावर काही ठेवले नाही. त्या वस्तीत हे काय असते ते मला सांगायची गरज नव्हती.

घरी येऊन इंग्रिड रिकाम्या ओट्याला टेकून रडली. "बाई, मी रिकामी नाय दिली ना? मग माझं काय चुकलं?"

संध्याकाळी कोंडाबाई आली नाही. तिने शेळ्याही पलीकडच्या वाटेने नेल्या. मारी दोनदा त्या वाटेकडे जाऊन आली. आपण या माणसांत राहिलो की नुसते काम करून निघालो, हा प्रश्न इंग्रिडच्या तोंडावर मला दिसत होता. कोंडाबाई निरोपाला आली नाही तर त्याचे उत्तर इंग्रिड जन्मभर वाईटच देणार होती.

मी माझ्या परीने सांगितले, की आपल्याकडे भांडी फिरती असतात. एक गेले की एक येते. सगळी एकदम घासून परत केली, की माणसाला वाटते संबंध संपला. इंग्रिडने ऐकले. मग म्हणाली, "चला."

कोंडाबाई अंगणात त्याच चरवीत शेळी पिळत होती. आमच्याकडे तिने पाहिले नाही. इंग्रिडने माफी मागायला सुरुवात केली. मी शिकवलेली शुद्ध वाक्ये होती ती, एकेक अगदी व्याकरणात बसलेले, आणि एकाचाही उपयोग होईना. धारेचा आवाज तेवढा येत होता. शेवटी तिची वाक्ये संपली. ती तिथेच जमिनीवर बसली.

"कोंडाबाई, म्या गॅस देऊन टाकला. घरात कायबी शिजत नाय. काल पोरीनं केळं अन् पाव खाल्ला, आज आलेले डबे दुपारीच सरले. मला भाकर द्या."

धार थांबली.

"काय म्हन्लीस?"

"भाकर द्या. भूक लागली. परवा वाटेला न्यायलाबी पायजे."

कोंडाबाईने चरवी बाजूला ठेवली आणि पदराने हात पुसले. "एवढी वर्सं झाली. ताप आला, तू गोळी दिली. माझ्या धन्याची पाठ धरली, तुझ्या मालकानं सरळ केली. निस्तं देतच राह्यली. माझ्या दारात येऊन कधी कायी मागितलं का तू? दूध आनलं तर ते मीच, न मागता. मला वाटलं, आमच्याकडून घ्यायजोगं हिला कायीच दिसलं नाय. अन् आज चरवीबी देऊन मोकळी."

इंग्रिडने कोंडाबाईचा हात धरला. दोघी रडल्या आणि मीही रडले, लाजायचे कशाला?

मग कोंडाबाई मला म्हणाली, "मास्तरीनबाई, तुमी एवढं शिकिवलं, मागायचं नाय शिकिवलं व्हय?"

त्या रात्रीचे जेवण मी विसरणार नाही. चुलीवरची ज्वारीची भाकरी, येसरची आमटी (भाजलेल्या धान्यांच्या आणि मसाल्यांच्या पुडीची), मिरचीचा ठेचा. मारी कोंडाबाईला टेकून जेवली. यानला ठेच्याने घाम फुटला तरी तो "अजून द्या" म्हणाला. मला वाटते मागण्याची चटक त्यालाही लागली असावी.

निघायच्या सकाळी कोंडाबाई सगळ्यांच्या आधी दारात होती. धपाटे (ज्वारीच्या पिठात मसाला घालून थापलेली भाकरी) फडक्यात बांधून तिने त्याच चरवीत घातले होते. चरवी इंग्रिडच्या हातात दिली. या वेळी ती घासलेली नव्हती. दोन दिवस दूध तापवून तळाला धरलेली चुलीची काजळी तशीच होती.

"ही हातातच धर. पेटीत घालू नको," ती म्हणाली. मग मारीच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटे मोडली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी ती उभी होती. शेळ्या तिच्याभोवती गोळा होऊन ओरडत होत्या, तिचे लक्ष नव्हते.

मला स्टेशनवर सोडायला तोच रिक्षावाला योगायोगाने मिळाला. "इस बार सही स्टेशन पे छोडूंगा मौसी," म्हणाला. गाडीत बसल्यावर मी पिशवी उघडली. कोंडाबाईने मलाही धपाटे दिले होते, पण वर्तमानपत्रात बांधून. ते खाताना मला जरा हेवाच वाटला. कागद काय, खाऊन झाले की फेकून द्यायचा. तो परत नेऊन द्यायला कुणी बोलावत नाही. परक्या देशातून आलेल्या बाईला चरवी आणि मला कागद, हा न्याय मात्र बरोबर होता. तिने तिथे जन्म काढला होता, मी चार दिवस पाहुणी होते.

मी माणसांना निरोप द्यायला गेले होते असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी एका माणसाला पहिल्यांदा हात पसरताना पाहिले, आणि त्यामुळे इंग्रिड लहान झाली नाही.

काही दिवसांनी इंग्रिडचा फोटो आला. बाहेर बर्फ, खिडकीच्या कट्ट्यावर चरवी, तळाची काजळी तशीच. खाली तिने मराठीत लिहिले होते, "बाई, घासली नाही. मारी रोज विचारते. कोंडाबाईकडे नेताना हिच्यात काय भरू?"