कोपरे कापलेली पाकिटं

मोठ्या आईनं माझ्या लग्नाच्या पत्रिकांची पार वाट लावली होती.

आज पहाटे ती गेली. रामदासपेठेतल्या हॉस्पिटलमध्ये. नव्वदी कधीच ओलांडली होती, त्यामुळे कमेंटमध्ये अकाली वगैरे काही लिहू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठी आई म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. तरुणपणीच विधवा झाली. माझी आई मी लहान असताना गेली, तेव्हापासून मी हिच्याच पदराखाली.
घरी बसून विड्या वळायची. तिच्या मायेलाही तंबाखूचा वास होता.

माझं लग्न ठरलं सत्तरच्या दशकात. मुलगा कन्हानचा.
बाबा शाळेत मास्तर आणि बाबासाहेबांचे पक्के अनुयायी. लग्न त्रिशरण-पंचशीलानं, पांढऱ्या कपड्यांत. मुहूर्त नाही, हळद नाही.

पत्रिका छापायला प्रेसमध्ये गेलो, तर चित्रांचे सगळे ब्लॉक गणपतीचे नाहीतर कलशाचे.
बाबा म्हणाले, चला, घरीच करू.

मग काय, घराचाच कारखाना झाला. पांढरा ड्रॉइंग पेपर आला. मैद्याची खळ शिजली. मोठी आई विडीची पानं कापायच्या कात्रीनं पाकिटं कापायची. मी बटाट्यावर पिंपळपान कोरलं आणि निळ्या शाईत बुडवून पत्रिकांच्या कडेकडेनं ठसे मारत सुटले. मजकूर बाबांचा, अक्षर माझं.

स्वतःच्या लग्नाचं आमंत्रण स्वतःच लिहिणारी नवरी वस्तीनं पहिल्यांदाच पाहिली. मैत्रिणी विचारायच्या, नवरा पण घरीच बनवणार का?

पाकिटं खाटेवर वाळत घालून मी आणि बाबा बाजारात गेलो.
परत आलो तर प्रत्येक पाकिटाच्या चारही कोपऱ्यांना हळदीची बोटं.

बाबांनी एक पाकीट उचललं. म्हणाले, "वहिनी, हे काहून केलं?"

दीक्षेच्या दिवशी पांढरं लुगडं नेसून बाबांच्याही पुढे चालत गेलेली बाई होती ती. घरातला देव्हारा तिनंच काढला होता. तिला कोण काय समजावणार?

"मी देवाले नाही लावली, भाऊजी. पोरीच्या पत्रिकेले लावली. तिच्या आंगाले तं लागून नाही राहिली."

बाबांनी आवाज चढवला नाही, पण ऐकलंही नाही. यातलं एकही पाकीट कोणाच्या दारात जाणार नाही, म्हणाले. लोकांची भीती नव्हती त्यांना. त्यांना स्वतःलाच ते चालणार नव्हतं.
नवा कागद आणायला ना वेळ होता ना ऐपत. मी मध्ये उभी. मला दोघांचंही पटत होतं, आणि त्याचा राग येत होता.

मोठ्या आईनं कात्री घेतली. खाली बसली.
एकेक पाकीट उचलून हळदीचा कोपरा गोल कापत गेली. विडीचं पान कापावं तसा. कपटे तंबाखूच्या रिकाम्या डब्यात.

पत्रिका वाटल्या आणि लोक कोपऱ्यांच्याच प्रेमात पडले. गोल कोपऱ्यातून आतली निळी किनार डोकावायची ना! पुढच्या उन्हाळ्यात वस्तीतल्या निम्म्या लग्नांत तीच फॅशन. कारण कोणालाच माहीत नव्हतं. आम्हीही सांगितलं नाही.

लग्नाच्या सकाळी मोठ्या आईनं मला आंघोळीला बसवलं.
बादलीतलं पाणी पिवळं होतं. त्यात कागदाचे कपटे तरंगत होते. वर तंबाखूचा वास.

मी विचारलं, हे काय?

"गप आंगोय कर वं. बापाले सांगू नको."

तांब्यावर तांब्या ओतत राहिली. मी रडत होते, ती नाही.

मोरीचं पाणी अंगणात निघायचं. तिथे बाबा स्टुलावर बसून दाढी करत होते. पिवळा ओघळ त्यांच्या पायापर्यंत आला. हे मला शेजारच्या काकूनं नंतर सांगितलं. बाबांनी पाण्याकडे पाहिलं, स्टूल थोडं बाजूला सरकवलं आणि उरलेली दाढी केली.

बाबा गेले तोवर या विषयावर घरात एक शब्द निघाला नाही.

आज दुपारी मोठ्या आईला घरी आणलं. आंघोळ घालायची होती.
नवरा गेल्यापासून तिच्या अंगाला कोणी हळद लावली नव्हती. माझ्यासाठी भांडली, स्वतःसाठी कधी नाही.

मी स्वयंपाकघरात गेले आणि डब्यातली हळद आणून पाण्यात टाकली. चिमूटभर नाही, चांगली मूठभर.
माझी सून बाजूलाच होती. तिनं पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तांब्या भरून माझ्या हातात दिला.

झाली तुझी आंघोळ, मोठी आई.
बाबांना मी सांगणार नाही. तू पण सांगू नको.

जय भीम.